भट्टी कोणत्या घराण्याची, यापेक्षा ती थांबवणार कोण?

मार्च २०२५मध्ये आर्मेनियाच्या संसदेने युरोपीय महासंघात प्रवेशाची प्रक्रिया सुरू करण्याचा कायदा मंजूर केला आणि मेत्सामोरच्या अणुभट्टीचा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. येरेवानपासून तीसेक किलोमीटरवर, भूकंपाच्या पट्ट्यात, सोव्हिएत काळात बांधलेली ही भट्टी देशाची साधारण एक तृतीयांश वीज बनवते. एक पक्ष म्हणतो, ती बंद झाल्याखेरीज आर्मेनियाशी पुढचे बोलणेच नको. दुसरा म्हणतो, सुरक्षितता हा नुसता बहाणा आहे, ब्रसेल्सला, म्हणजे महासंघाला, गरीब देशांच्या हातची वीज काढून घ्यायची आहे. लिथुआनिया आणि बल्गेरियाचे काय झाले ते पाहा, महासंघात येण्यासाठी त्यांना आपल्या भट्ट्या बंद कराव्या लागल्या. युक्रेन आणि तुर्कस्तान या उमेदवार देशांपुढेही हाच प्रश्न आहे. सर्बियाने तर नोव्हेंबर २०२४मध्ये अणुवीज प्रकल्पांवरची युगोस्लाव्ह काळापासूनची बंदी उठवली. म्हणजे हा वाद अजून बरीच वर्षे चालणार आहे, आणि तो ज्या रीतीने चालला आहे ती रीत मला धोक्याची वाटते.

दोन्ही पक्ष भट्टीचे घराणे, म्हणजे तिच्या रचनेचा नमुना, आणि वय पाहतात. ती तपासतो कोण, याकडे फारसे कोणी पाहत नाही. माझे म्हणणे असे की महासंघात येऊ पाहणाऱ्या देशापुढची पहिली अट भट्टी बंद करण्याच्या तारखेची नसावी, ती नियामकाची असावी. पंतप्रधानांना न विचारता चालू भट्टी थांबवू शकेल आणि थांबवल्यावर जिच्या प्रमुखाची खुर्ची शाबूत राहील, अशी संस्था त्या देशात आहे का? असेल, तर भट्टी चालावी की नाही हे ती संस्था ठरवेल. नसेल, तर जुनी भट्टी पाडून नवी कोरी बांधली तरी शेजाऱ्यांनी निर्धास्त राहू नये.

हे मी हवेत बोलत नाही. चेर्नोबिलची गोष्ट आपण १९८६पासून सुरू करतो. ती खरे तर १९८३ साली लिथुआनियातल्या इग्नालिनात सुरू होते. त्या वर्षी तिथली पहिली आरबीएमके भट्टी (चेर्नोबिलच्याच सोव्हिएत नमुन्याची) सुरू करताना चाचण्यांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. नियंत्रक दांडे भट्टीत सोडले की अभिक्रिया मंदावली पाहिजे. पण या दांड्यांची खालची टोके ग्रॅफाइटची होती, त्यामुळे पूर्ण वर ओढलेले दांडे खाली सोडताना पहिले काही सेकंद भट्टीच्या तळाकडची अभिक्रिया उलट वाढत होती. ब्रेक दाबल्यावर गाडीने आधी वेग घ्यावा, तसे. ही माहिती भट्टीच्या रचनाकारांपर्यंत गेली, इतर आरबीएमके केंद्रांनाही कळवण्यात आली, दुरुस्तीचे आश्वासन मिळाले आणि सगळे तिथेच थांबले. अडीच वर्षांनी, २६ एप्रिल १९८६च्या रात्री, चेर्नोबिलच्या चौथ्या भट्टीत आणीबाणीचे बटण दाबले गेले तेव्हा तोच दोष स्फोटाला हातभार लावून गेला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) तज्ज्ञगटाने १९८६च्या पहिल्या अहवालात बहुतेक खापर कर्मचाऱ्यांवर फोडले होते. १९९२च्या सुधारित अहवालात भट्टीची रचना आणि सोव्हिएत नियमनाचा दुबळेपणा यांवर बोट ठेवले. दोष ठाऊक होता, कागदावर होता. 'हे दुरुस्त होईपर्यंत एकही आरबीएमके चालणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस मात्र त्या व्यवस्थेत कुठेच नव्हता.

इथे विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य केलाच पाहिजे. काही दोष असे असतात की जगातला सर्वोत्तम निरीक्षक आणून बसवला तरी ते जात नाहीत. आरबीएमकेभोवती पाश्चात्त्य भट्ट्यांसारखे काँक्रीटचे भक्कम कंटेनमेंट, म्हणजे अपघातात किरणोत्सर्ग आत अडवणारे कवच, नाही आणि ते नंतर बांधणे व्यवहार्यही नाही. इग्नालिनाच्या दोन भट्ट्या २००४ आणि २००९च्या अखेरीस बंद झाल्या, ते योग्यच झाले. व्हीव्हीईआर-४४०/२३० या दुसऱ्या सोव्हिएत घराण्यातल्या पहिल्या पिढीच्या भट्ट्यांतही आणीबाणीत गाभा थंड ठेवणारी यंत्रणा फक्त लहान नळी फुटण्याचा विचार करून बसवलेली होती. म्हणून 'रचना महत्त्वाची नाही' असा माझा दावा नाही. रचनेवरचा निकाल कोणी द्यायचा, कोणत्या पुराव्यावर द्यायचा आणि तो निकाल देणारी यंत्रणा देशात मागे उरणार की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

घराणे बघून निकाल देण्याची पद्धत किती अपुरी आहे, हे बाल्टिक समुद्राच्या दोन किनाऱ्यांवर दिसते. पूर्व जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड केंद्रात डिसेंबर १९७५मध्ये केबलना आग लागली आणि मुख्य शीतक पंपांपैकी बहुतेक बंद पडले. मोठा अपघात थोडक्यात टळला आणि बर्लिनची भिंत पडेपर्यंत ही गोष्ट जनतेपासून लपवून ठेवली गेली. जर्मनीच्या एकीकरणानंतर ते केंद्र बंद झाले. फिनलंडने लोविसात घेतलेल्या दोन भट्ट्याही व्हीव्हीईआर-४४०च. त्या १९७७ आणि १९८०पासून चालू आहेत आणि २०२३मध्ये त्यांना २०५०पर्यंतचा परवाना मिळाला. फिनलंडने भट्टीचा मूळ भाग सोव्हिएत संघाकडून घेतला, पण कंटेनमेंट अमेरिकी धर्तीचे आणि नियंत्रण यंत्रणा जर्मन बसवायला लावली. लोविसाचा नमुना सुधारलेला होता हे खरेच. पण तो सुधारलेला का होता? 'आहे तसा' माल घेणार नाही, असे बजावणारा नियामक हेलसिंकीत होता म्हणून. फिनलंड १९९५ साली महासंघात आला तेव्हा लोविसा बंद करा, अशी अट त्याच्यापुढे आली नाही.

बल्गेरियाच्या वाट्याला मात्र वेगळा न्याय आला. डॅन्यूबकाठच्या कोझ्लोदुय केंद्राची अवस्था १९९१मध्ये खरोखर वाईट होती. आयएईएच्या पथकाने ती तशी नोंदवली आणि सगळा युरोप हादरला. त्यानंतरच्या दशकात तिथे बरेच पैसे आणि कष्ट ओतले गेले. २००२मध्ये आयएईएचे पथक पुन्हा आले आणि तिसऱ्या-चौथ्या भट्टीतल्या सुधारणांची त्याने अनुकूल दखल घेतली. तरी पहिल्या दोन भट्ट्या २००२च्या आणि पुढच्या दोन २००६च्या ३१ डिसेंबरला बंद झाल्या. दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी २००७ला, बल्गेरिया महासंघाचा सदस्य झाला. तिसरी आणि चौथी भट्टी सुरक्षित होती असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण बल्गेरियाच्या अभियंत्यांना या व्यवहारातून काय शिकायला मिळाले? दहा वर्षे जीव ओतून सुधारणा करा, बाहेरच्या तपासनिसांकडून शाबासकी मिळवा, तरी निकाल आधीच लागलेला आहे. सुरक्षितता वाढवून काहीच पदरात पडत नाही, हा धडा सुरक्षिततेच्या संस्कृतीला मारक आहे.

आता हंगेरीकडे पाहू, कारण हे प्रकरण या वादात सहसा कोणी काढत नाही. तिथल्या पाक्श केंद्राच्या चार भट्ट्या व्हीव्हीईआर-४४०च्या दुसऱ्या पिढीच्या. त्या बंद करण्याची मागणी कोणी केली नव्हती. उमेदवार देशांतले ते चांगले केंद्र समजले जात होते. महासंघातल्या प्रवेशाला वर्षभर उरले असताना, १० एप्रिल २००३ला, दुसऱ्या भट्टीतले इंधनजुडगे (इंधनाच्या कांड्यांचे गठ्ठे) धुवून काढण्याचे काम चालू होते. भट्टीशेजारच्या खोल पाणभरल्या विहिरीत एक टाकी उतरवली होती, तिच्यात एका खेपेस ३० जुडगे. ही टाकी एका नामांकित पाश्चात्त्य कंपनीने खास बनवली होती. आधीच्या टाकीत एका वेळी फक्त सात जुडगे मावत. धुणे संपले, पण क्रेन दुसऱ्या कामात अडकली होती, म्हणून जुडगे टाकीतच राहिले. आता पाणी फिरवत होता तो एक छोटा पंप, आणि त्याचे पुष्कळसे पाणी इंधनाला न भिडताच बाजूने निघून जात होते. वापरलेले इंधन भट्टीबाहेरही उष्णता सोडत राहते. टाकीत वाफ धरली, पाण्याची पातळी खाली गेली, जुडगे उघडे पडून तापले. रात्री किरणोत्सर्गी वायूची नोंद झाली. मध्यरात्रीनंतर झाकण सैल केले तेव्हा थंड पाणी तप्त इंधनावर पडले आणि तीसच्या तीस जुडग्यांची दुर्दशा झाली. घटनेची तीव्रता अखेर आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर तिसऱ्या पातळीची ठरली.

चूक कोणाची? आयएईएच्या पथकाने पुढे सांगितले की केंद्र आणि नियामक दोघेही कंत्राटदारावर विसंबून राहिले होते, कामाचे वेळापत्रक घाईचे होते आणि नियामकाने या टाकीचे सुरक्षेच्या दृष्टीने असलेले महत्त्व कमी लेखले होते. 'चांगल्या' घराण्याची भट्टी, पाश्चात्त्य कंपनीची टाकी, आणि तरी 'थांबा, तीस जुडग्यांचा हिशेब आधी दाखवा' असे म्हणणारा तपासनीस कमी पडला. त्याच काळात ब्रसेल्सचे सगळे लक्ष इग्नालिना, कोझ्लोदुय आणि स्लोव्हाकियातल्या बोहुनित्सेच्या तारखांवर होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हा फक्त पूर्व युरोपचा रोग आहे असेही नाही. फुकुशिमाच्या भट्ट्या अमेरिकी नमुन्याच्या होत्या, जपान श्रीमंत लोकशाही होता, पण तिथला नियामक अणुवीज वाढवण्याची जबाबदारी असलेल्या मंत्रालयाच्याच पोटात होता. जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२मध्ये त्या आपत्तीला मानवनिर्मित म्हटले आणि नियामक व कंपनी यांच्या साटेलोट्यावर बोट ठेवले. आपल्याकडचे उदाहरणही मराठी वाचकाला लांबचे नाही. १९६९पासूनच्या तारापूरच्या भट्ट्या असोत की जैतापूरचा नियोजित प्रकल्प, त्यांवर लक्ष ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले ते सरकारी आदेशाने, आणि ते अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी राहिले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२मध्ये या स्वायत्ततेच्या उणिवेवर ताशेरे ओढले, तरी स्वतंत्र प्राधिकरणाचे २०११चे विधेयक लोकसभेबरोबर बरखास्त झाले. जैतापूरवर आपण फ्रेंच भट्टीच्या गुणदोषांवर जितके भांडलो, त्याच्या दशांशानेही नियामकावर भांडलो नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. तारीख मोजता येते, स्वायत्तता मोजता येत नाही. कायदा करून नियामकाला कागदावर स्वतंत्र केले आणि प्रवेश मिळाल्यावर त्याचे पंख छाटले तर काय कराल? महासंघाचा खरा दबाव प्रवेशाआधीच चालतो. आत आलेल्या देशाला वठणीवर आणणे किती कठीण असते हे न्यायव्यवस्थेच्या प्रश्नावर हंगेरी आणि पोलंडने दाखवून दिले आहे. मग हातात आहे तोवर पक्की तारीख घेऊन का टाकू नये?

आक्षेप वजनदार आहे, पण त्याचा पूर्वार्ध मला पटत नाही. नियामकाची स्वायत्तता चांगली मोजता येते. प्रमुखाला कोण नेमतो आणि मुदतीआधी कोण काढू शकतो? संस्थेचा पैसा परवाना शुल्कातून येतो की ऊर्जामंत्र्याच्या मर्जीतून? निरीक्षकाचा पगार आणि केंद्रातल्या अभियंत्याचा पगार यांत किती अंतर आहे? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अंतर मोठे असेल तर हुशार निरीक्षक दोन-तीन वर्षांत केंद्राच्या नोकरीत जातो आणि ज्यांना पुढे आपला मालक व्हायचे आहे त्यांच्यावर कडक शेरा मारायला कोणाचाही हात कचरतो. मागच्या पाच वर्षांत नियामकाने किती वेळा भट्टीची शक्ती कमी करायला लावली, आणि ते आदेश पाळले गेले का? तपासणीचे अहवाल लोकांना वाचायला मिळतात का? यांतली प्रत्येक गोष्ट कागदपत्रांवरून पडताळता येते. महासंघप्रवेशाच्या वाटाघाटी विषयवार प्रकरणांत चालतात आणि त्यांतले ऊर्जेचे प्रकरण वर्षानुवर्षे उघडे असते. त्या काळात हे सगळे वर्षागणिक तपासता येईल.

आणि तारखा तरी किती पक्क्या असतात? जानेवारी २००९मध्ये रशिया-युक्रेन भांडणात युरोपचा गॅस बंद झाला, तेव्हा स्लोव्हाकियाच्या सरकारने जेमतेम दहा दिवसांपूर्वी बंद केलेली बोहुनित्सेची भट्टी पुन्हा पेटवण्याची घोषणा केली. बल्गेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनीही कोझ्लोदुयबद्दल तीच भाषा केली. भट्ट्या पुन्हा पेटल्या नाहीत, हे प्रवेश कराराचे आणि ब्रसेल्सच्या विरोधाचे श्रेय आहे, ते नाकारत नाही. पण लोकांना त्यात दिसले ते एवढेच की भट्टी बंद झाली राजकारणामुळे आणि बंद राहिली तीही राजकारणामुळे. लिथुआनियात ऑक्टोबर २००८च्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी जवळपास ८९ टक्के लोक इग्नालिना चालू ठेवण्याच्या बाजूने होते. मतदान ५० टक्क्यांपर्यंत पोचले नाही म्हणून तो कौल वैध ठरला नाही. ज्या निर्णयाला मी स्वतः बरोबर मानतो, तो निर्णय त्या देशातल्या इतक्या लोकांना बाहेरून लादलेला वाटावा, हे मला अस्वस्थ करते. त्यांच्याच नियामकाने, त्यांच्याच भाषेत, कंटेनमेंट का नाही आणि म्हणून काय होऊ शकते हे सांगून परवाना नाकारला असता तर?

आक्षेपाचा उत्तरार्ध, म्हणजे आत आल्यावर दबाव संपतो हा, मला मान्य आहे. पण त्याचा दोष उमेदवारांकडे कमी आणि जुन्या सदस्यांकडे जास्त जातो. युरोपीय देशांचा अणुऊर्जेविषयीचा युराटॉम करार १९५७चा. तरी भट्ट्यांच्या सुरक्षेचे बंधनकारक नियम महासंघाने स्वतःसाठी २००९पर्यंत केलेच नव्हते. असे नियम करण्याचा अधिकार त्याला आहे हेसुद्धा युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २००२मध्ये निकाल दिल्यावर स्पष्ट झाले. म्हणजे २००४मध्ये आत आलेल्या देशांना जी फूटपट्टी लावली, ती फ्रान्स, ब्रिटन किंवा जर्मनीला लावण्याची सोयच नव्हती. नियामक स्वतंत्र असण्याची अट पुढे २०१४च्या निर्देशाने कडक झाली, सहा वर्षांतून एकदा परस्परांची विषयवार तपासणी सुरू झाली. ही दिशा बरोबर आहे, वेग फार कमी आहे. नियामकाचा प्रमुख हटवला गेला तर इतर देशांच्या नियामकांचे पथक सहा महिन्यांच्या आत तिथे पोचेल आणि त्याचा अहवाल जाहीर होईल, असा नियम नव्या-जुन्या सगळ्यांना सारखाच लावला तर प्रवेशानंतरही वचक राहील.

तुर्कस्तानात ही अट आज किती निकडीची आहे ते पाहा. भूमध्य समुद्रकाठी अक्कुयु इथे रशियाची रोसाटॉम चार व्हीव्हीईआर-१२०० भट्ट्या बांधते आहे. बांधणार तीच, मालकी तिचीच, चालवणारही तीच. भट्टी आधुनिक आहे, कंटेनमेंट आहे, घराण्यावर बोट ठेवायला जागा नाही. पण पहिल्या भट्टीचे बांधकाम एप्रिल २०१८मध्ये सुरू झाले तेव्हा तुर्कस्तानात अणुऊर्जेचा प्रसार करणारी आणि तिच्यावर देखरेख करणारी संस्था एकच होती. वेगळा नियामक त्याच वर्षी जुलैमध्ये जन्माला आला. एका परदेशी सरकारच्या कंपनीचा, देशाच्या नेतृत्वाने प्रतिष्ठेचा केलेला प्रकल्प हा कोवळा नियामक थांबवू शकेल का? जे टीकाकार फक्त जुन्या सोव्हिएत भट्ट्या मोजतात त्यांच्या यादीत अक्कुयु येतच नाही.

युक्रेनमध्ये प्रश्न आणखी कठोर रूपात उभा आहे. मार्च २०२२पासून झापोरिझ्झियाचे केंद्र रशियन सैन्याच्या ताब्यात आहे. कीव्हच्या नियामकाने सहाही भट्ट्या पूर्ण थंड स्थितीत ठेवण्याचा आदेश दिला, पण केंद्रावरच्या ताबेदारांनी वाफेसाठी एक भट्टी बराच काळ तापती ठेवली. एप्रिल २०२४मध्ये सगळ्या थंड झाल्या. आदेश काढणारा एकीकडे आणि दाराशी बंदूक घेऊन दुसराच, अशा ठिकाणी देखरेख उरत नाही. या युद्धाचा भार वाहणाऱ्या देशाकडून आणखी काही मागणे निष्ठुरपणाचे आहे, असे पुष्कळ भले लोक म्हणतात. त्यांची कळकळ मला समजते. पण नोव्हेंबर २०२५मध्ये युक्रेनच्याच भ्रष्टाचारविरोधी ब्यूरोने सरकारी अणुवीज कंपनीच्या कंत्राटांत १० ते १५ टक्क्यांची टक्केवारी चालत असल्याचा आरोप केला आणि मंत्र्यांना पद सोडावे लागले. कंत्राटात टक्केवारी मुरते तेव्हा निकृष्ट माल आत येण्याची वाटही उघडते, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. युक्रेनला मदत करायची तर त्याच्या नियामकाला माणसे, पगार आणि कायद्याचे पाठबळ देणे ही त्या मदतीतली मोठी गोष्ट आहे.

आर्मेनियाबाबत 'बंद करा' म्हणणाऱ्यांनी एक इतिहास विसरू नये. डिसेंबर १९८८च्या भूकंपानंतर मेत्सामोर खरोखरच बंद केले गेले. मग युद्ध आणि नाकेबंदी आली. १९९२नंतरचे हिवाळे येरेवानच्या लोकांनी दिवसाला एक-दोन तासांच्या विजेवर काढले, उद्यानांतली झाडे तोडून घरे उबदार ठेवली. १९९५मध्ये केंद्रातल्या दोन भट्ट्यांपैकी दुसरी पुन्हा सुरू झाली ती या थंडीने. त्यानंतर महासंघ सतत बंदची मागणी करत राहिला, महासंघ आणि आर्मेनिया यांच्यातल्या २०२१मध्ये अमलात आलेल्या करारातही ती आहे, आणि भट्टी चालूच आहे. तिचे आयुष्य २०३६पर्यंत वाढवण्याची तयारी आहे. या काळात जे प्रत्यक्ष घडले ते तपासणीच्या वाटेने घडले: युरोपच्या पद्धतीने ताण चाचणी (भूकंपासारख्या टोकाच्या प्रसंगात केंद्र टिकेल का याची तपासणी) झाली, २०१६मध्ये युरोपीय पथकाने ती पडताळली, २०२१मध्ये भट्टीच्या पोलादी पात्रावर उष्णतेची प्रक्रिया करून त्याचा ठिसूळपणा कमी केला गेला. भूकंपाचा धोका यातून गेला असे मी म्हणत नाही. कदाचित ती भट्टी थांबवावीच लागेल. पण तो निकाल येरेवानमधल्या नियामकाने भूकंपाची आकडेवारी टेबलावर ठेवून द्यावा आणि सरकारला तो फिरवता येऊ नये. महासंघाने १९९९ ते २०२० या काळात लिथुआनिया, बल्गेरिया आणि स्लोव्हाकियातल्या बंद भट्ट्या मोडीत काढायला सुमारे ३.८ अब्ज युरो दिले. त्याचा एक छोटा हिस्साही आर्मेनियाच्या नियामकाचे निरीक्षक, त्यांची प्रयोगशाळा आणि त्यांचे पगार यांवर दहा वर्षे खर्च करायची तयारी ब्रसेल्सची आहे का, हे वाटाघाटी सुरू होण्याआधी विचारले पाहिजे. आणि येरेवानला विचारले पाहिजे की भट्टी थांबवण्याची सही करणाऱ्या त्या माणसाला काढून टाकण्याचा अधिकार ते कायद्याने सोडून देणार आहेत का.